नारळीकर भविष्यवेत्ते नव्हते

मे २०२५ मध्ये जयंत नारळीकर गेले. तेव्हापासून एक वाक्य इतक्या वेळा समोर आलंय की ते दिसलं की अंगठा आपोआप वर सरकतो. ‘नारळीकरांनी हे तेव्हाच लिहून ठेवलं होतं!’ खाली कधी एआयची बातमी, कधी हवामानाची. एका ग्रुपवर तर ‘व्हायरस’ कादंबरीचं नाव आणि शेजारी कोरोनाचा तो काटेरी चेंडू, असं पोस्टर फिरत होतं. ‘व्हायरस’ संगणकाच्या विषाणूबद्दल आहे. पोस्टर करणाऱ्याने पुस्तक उघडलेलं नाही, बदाम देणाऱ्यांनीही नाही. पण सगळ्यांना नारळीकर द्रष्टे होते एवढं मात्र पक्कं ठाऊक.

मी नारळीकरांचा चाहता आहे. त्यांच्या कादंबऱ्या कुठून सुरू कराव्यात, काय आधी वाचावं, काय राहिलं तरी चालेल, हे मित्र विचारतात म्हणून हा लेख. पण क्रम सांगण्याआधी भांडण उरकायला हवं. कारण चुकीचा चष्मा लावून ही पुस्तकं उघडली तर क्रम कुठलाही असो, हाती काही लागणार नाही. भांडण तिघांशी आहे: त्यांना ज्योतिषी करणाऱ्या चाहत्यांशी, त्यांच्या पुस्तकांत पूर्वजांचा विजय शोधणाऱ्यांशी, आणि ‘मुलांसाठी बरं आहे’ म्हणून त्यांना वरच्या फळीवर ठेवून देणाऱ्या जाणकारांशी.

आधी चाहते. अरे बाबांनो, निदान माणूस कोण होता ते तरी बघा. २००८ मध्ये नारळीकरांनी फलज्योतिषाची चक्क परीक्षा घेतली होती. सोबत पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या, कुंडल्या मांडल्या, आणि ज्योतिषांना आवाहन केलं: प्रत्येकाला चाळीस कुंडल्या पाठवतो, कुठली कोणाची ते सांगा. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सगळ्यात पुढे गेलेल्याची चाळीसपैकी चोवीस बरोबर आली. सगळ्यांची सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर यापेक्षा बरा निकाल लागला असता. पाच वर्षांनी, २० ऑगस्ट २०१३ ला, पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घालून मारण्यात आलं. भविष्य सांगण्याच्या धंद्याशी ज्याने असा हिशोब मांडला, त्याच माणसाला आपण ‘भविष्यवेत्ता’ म्हणून हार घालतोय.

बरं, भविष्य खरं ठरण्यावरच मोठेपण मोजायचं म्हटलं तर नारळीकर नापासच व्हायचे. फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी आयुष्यभर महास्फोटाच्या सिद्धान्ताविरुद्ध बाजू लढवली. १९६५ मध्ये अवकाशातल्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञ पलीकडे गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्यासोबत त्यांनी स्थिर विश्वाची सुधारलेली मांडणी पुढे आणली. तीही बहुमताला पटली नाही. विज्ञानात हे चालतं. गणित मांडायचं, निरीक्षणाशी ताडायचं, वाद घालायचा. ‘बघा, मी म्हणालो होतो ना’ ही भाषा त्या घरातली नाही.

आणि चाहत्यांनी निदान त्यांची सगळ्यात गाजलेली कथा तरी नीट वाचावी, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इंग्रजीत ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आहे, त्यामुळे मराठी माध्यमात न शिकलेल्यांनाही माहीत असते. प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे (आडनाव वाचूनच आमच्या सीमेकडच्या माणसाला बरं वाटतं) एका वेगळ्याच इतिहासात जाऊन पडतात. तिथे १७६१ च्या पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागत नाही, ती कानाजवळून निघून जाते, आणि मराठे जिंकतात. आता खरा मजकूर बघा. पानिपत जिंकलं म्हणून तिथे रामराज्य नाही. मुंबईवर अजून इंग्रजांचा अंमल आहे. पंतांना सभेत भाषण करायचंय तर लोक त्यांना बोलू देत नाहीत. गोळी चार बोटं इकडेतिकडे झाली की सगळं बदलतं, आणि बदलून जे होतं तेही आपल्या मनासारखं असेलच असं नाही, असं ही कथा सांगते. जो लेखक म्हणतो की एका क्षणी वाट फुटते आणि दोन्ही वाटा खऱ्या असू शकतात, त्याला भविष्यवेत्ता म्हणणं म्हणजे त्याचं म्हणणंच न ऐकणं.

दुसरे भांडणाचे मानकरी माझ्या गावात राहतात. इन्सुली, तालुका सावंतवाडी. आमच्या वाडीतले एक काका, माणूस लाखात एक, गणपतीत माटवी बांधायला पहिले येणार. त्यांनी गेल्या वर्षी मला ‘वामन परत न आला’चं मुखपृष्ठ फॉरवर्ड केलं आणि रस्त्यात गाठून म्हणाले, “बघलंस मां? नारळीकरान पण मान्य केल्यान. ह्या सगळा आपल्याकडे आधीच होता.”

“काकानू, पुस्तक वाचलात?”

“वाचूक कित्याक व्हया? नाव बघ मां. वामन!”

काकांना हसू नका. नारळीकरांच्या पुस्तकांची नावं घेऊन असा युक्तिवाद करणारे शिकलेसवरलेले लोक शहरात जास्त आहेत. यक्ष, भस्मासुर, वामन ही नावं त्यांना पुरावा वाटतात. विमान आपलं, प्लास्टिक सर्जरी आपली, आता रोबोही आपलाच. आणि गंमत अशी की या कादंबरीत खरोखरच एक प्राचीन प्रगत संस्कृती आहे. दक्षिणेत एका भौतिकशास्त्रीय प्रयोगासाठी जमीन खोदताना एक बंद ठोकळा सापडतो. तो ज्यांनी पुरला ते लोक आपल्यापेक्षा पुढे गेलेले होते आणि नाहीसे झालेले आहेत. एक भौतिकशास्त्रज्ञ, एक पुरातत्त्वज्ञ आणि एक संगणकतज्ज्ञ मिळून तो उघडतात. आतल्या ज्ञानावरून आधी ‘गुरू’ नावाचा संगणक होतो, मग ‘वामन’ नावाचा यंत्रमानव.

काकांच्या फॉरवर्डला इथेच उत्तर आहे, फक्त ते मुखपृष्ठावर नाही. पूर्वजांकडे सगळं होतं, ठीक. मग ते गेले कुठे? अख्खी कादंबरी या एका प्रश्नावर उभी आहे. पूर्वजांच्या ज्ञानाचा वारसा मिळाला म्हणून त्यात कोणी पेढे वाटत नाही. पेटीतला माल वापरायला घेतल्यावर, पेटी भरणाऱ्यांचं काय झालं याची चौकशी उशिरा सुरू होते. अभिमानाला लागणारा सगळा कच्चा माल नारळीकर हातात देतात आणि मग त्याच्याचकडे बोट दाखवून विचारतात, हे सगळं असून ते संपले कसे?

वामनाला हवं असतं ते एकच: स्वतःसारखा दुसरा यंत्रमानव घडवण्याची विद्या. पुराणातल्या वामनानेही मागितलं थोडंच होतं, तीन पावलं जमीन. बळीराजाला ती मागणी किरकोळ वाटली. हे नाव भक्तीने ठेवलेलं नाही, काट्याने ठेवलंय.

इन्सुलीतून मुंबई-गोवा महामार्ग जातो आणि गावात राज्य उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका आहे. गोव्याकडून येणारी गाडी थांबवतात, ताडपत्री वर करतात, आत काय विचारतात. कधी माल सापडतो, कधी सुटतो. लहानपणापासून हे बघत आलोय, त्यामुळे ‘वामन’ वाचताना मला सारखा तो नाका आठवतो. दारूच्या खोक्याला विचारणारा कोणीतरी आहे. ठोकळ्याला विचारणारा कोण? कादंबरीतले शास्त्रज्ञ दुष्ट नाहीत. कोणी जग जिंकायला निघालेलं नाही. ते हुशार आहेत, उत्सुक आहेत, आणि पुढची पायरी दिसतेय म्हणून पुढची पायरी चढतात. प्रत्येक पायरीला कारण आहे. थांबायला मात्र कोणाकडेच कारण नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ही माणसं मला रोज भेटतात. नाव कशाला घ्यायचं, पण एका बैठकीत एका पोरीने विचारलं की हे मॉडेल चुकीचं उत्तर देऊन पुढे स्वतःच कारवाई करायला लागलं तर ते बंद कुठून करायचं. उत्तर आलं, “चांगला मुद्दा आहे, पण मंगळवारी डेमो आहे, ते नंतर बघू.” सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही पुढच्या स्लाइडकडे बघितलं. त्या खोलीत एकही खलनायक नव्हता. ‘वामन’मधली शास्त्रज्ञांची संभाषणं ज्यांना कोरडी वाटतात त्यांनी एकदा अशा बैठकीत बसावं. नारळीकरांनी चॅटजीपीटी ओळखला की नाही हा प्रश्न फालतू आहे. त्यांनी ती मान डोलावणी ओळखली होती, आणि त्यासाठी भविष्यात जावं लागत नाही. संशोधन संस्थेत पन्नास वर्षं काढली की पुरे.

हे ‘आजचंच बघणं’ त्यांच्या कथांत सगळीकडे आहे. ‘पुत्रवती’त मुलगा की मुलगी हे ठरवायचं साधन लोकांच्या हाती येतं आणि समाज काय करतो ते दिसतं. यात भाकीत कुठलं? मुलगा हवा ही हाव शेजारच्या घरात होतीच. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने कायदा केला १९८८ मध्ये, केंद्राने १९९४ मध्ये, म्हणजे रोग पसरून झाल्यावर. ‘धूमकेतू’त तर त्याहून पुढचं आहे. पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू अणुस्फोट करून वळवला जातो, जगभरच्या शास्त्रज्ञांचं काम. इकडे ज्याने तो धूमकेतू शोधला त्याच्याच घरात शांतीसाठी यज्ञ झालेला असतो, आणि बायकोची खात्री पटलेली असते की यज्ञामुळेच संकट टळलं. कथेचा खरा आघात तिथे आहे. आकाशातला धूमकेतू वळवता येतो, स्वयंपाकघरातला नाही. ही कथा विज्ञानाचा जयजयकार म्हणून शिकवणाऱ्या मास्तरांना माझा दुरून नमस्कार.

आता तिसरे, साहित्याचे जाणकार. यांचा आक्षेप जुना: नारळीकरांची भाषा सपाट, पात्रं पुठ्ठ्याची, मधेच व्याख्यान. आणि मी कबूल करतो की बराचसा खरा आहे. दोन शास्त्रज्ञ एकमेकांना जे दोघांनाही माहीत असायला हवं ते दोन पानं समजावत बसतात. स्त्री पात्रांना बोलायला फार थोडं येतं. गावाचा वास, पावसाचा आवाज, माणसाची लकब शोधत असाल तर दुसरीकडे जा, मराठीत त्याची कमी नाही. चाहत्याने हे झाकून ठेवू नये. झाकलं की नवा वाचक पन्नासाव्या पानावर चिडतो आणि पुन्हा फिरकत नाही.

पण आक्षेप खरा असला तरी त्यावरून काढलेला निकाल खोटा आहे. २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला. २०२१ च्या नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं तेव्हा कौतुक झालं ते ‘शास्त्रज्ञ अध्यक्ष’ म्हणून. कादंबरीकार म्हणून कोणी त्यांच्याशी नीट भांडलंसुद्धा नाही. ‘विज्ञानप्रसारक’ हा शिक्का मारला की वाचायची जबाबदारी संपते. प्रसारकाचं काय वाचायचं? त्याच्याकडून माहिती घ्यायची, आणि माहिती तर आता फोनवर फुकट आहे.

त्यांचं घराणं वेगळं आहे, हे लक्षात घ्यायला हवं. १९५७ मध्ये ते केंब्रिजला गेले, त्याच वर्षी हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी आली. सूर्य आणि पृथ्वीच्या मधे एक प्रचंड ढग येतो, आणि शास्त्रज्ञ बसून गणितं करतात, भांडतात, सरकारला काय सांगायचं आणि काय नाही ते ठरवतात. पुढे हेच हॉईल त्यांचे गुरू. या घराण्यात समजावून सांगणं हा कथेतला खोळंबा नसतो, तीच कथा असते. कोणाला किती कळलंय, कधी कळलं, कोणी दाबून ठेवलं, यावर माणसं जगतात-मरतात. तिथे नायकाच्या डोळ्यांचं वर्णन शोधणं म्हणजे भजनाला जाऊन लावणी का नाही म्हणून रुसणं.

आमच्याकडे जत्रेच्या रात्री दशावतार असतो. सुरुवातीच्या आडदशावतारात संकासुर येतो, वेद पळवलेला, काळ्या वेषातला, मालवणीत थट्टा करणारा. तो शेवटी मारला जाणार हे पोराटोरांना माहीत असतं. पुढच्या आख्यानाचाही शेवट सगळ्यांना पाठ. लिहिलेली संहिता बहुतेक वेळा नसतेच, नट जागेवर बोलतात. तरी लोक पहाटेपर्यंत बसतात. शेवटी काय होणार यासाठी कोणी आलेलंच नसतं. राजा वचन देताना कसा अडकतो, कोण त्याला अडवतं, अडवणाऱ्याला तो काय उत्तर देतो, यावर पारावर सकाळी वाद होतात. नारळीकर असे वाचा. ‘वामन परत न आला’ या नावातच शेवट सांगून टाकलाय, यावरून तरी ओळखा की लेखकाला तुम्हाला शेवटासाठी बसवायचं नव्हतं.

झालं भांडण. आता क्रम.

कादंबरीने सुरुवात करू नका. आधी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आणि लगेच ‘धूमकेतू’, एका बैठकीत. मग थेट ‘वामन परत न आला’. हातात पेन्सिल ठेवा आणि जिथे जिथे कोणी ‘आधी हे तर करून बघू’ अशा अर्थाचं बोलतं तिथे रेघ मारा. माझ्या प्रतीत या रेघा कथानकापेक्षा जास्त बोलक्या झाल्यात. सुरुवातीची तीसेक पानं संथ आहेत, सोसा.

त्यानंतर ‘व्हायरस’. संगणकाच्या तपशिलांत ती जुनी झालीय, आणि आमच्या धंद्यातल्या माणसाला काही ठिकाणी हसू येईल. येऊ द्या. जग एकाच पद्धतीच्या यंत्रांवर टेकलं की एका धक्क्यात काय होतं, हे तिचं खरं प्रकरण. २०२४ मध्ये एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले, विमानं अडकली, इस्पितळं अडकली. ना परग्रहवासी, ना हल्लेखोर. तारीख होती १९ जुलै. नारळीकरांचा जन्मदिवसही १९ जुलैच, १९३८ चा. यावरून कोणी नवं पोस्टर बनवणार असेल तर त्याने कृपया वरचा ४६ टक्क्यांचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

‘प्रेषित’ त्याच्या नंतर, आणि शक्यतो सुट्टीत. या कादंबऱ्यांत भावनेच्या सगळ्यात जवळ जाणारी तीच. बाहेरून आलेला आणि इथे वाढलेला माणूस नेमका कोणाचा, हा तिचा प्रश्न. कोकणातून नोकरीसाठी बाहेर पडलेल्या आणि गणपतीला परतणाऱ्या कोणालाही तो परका वाटणार नाही. मला तर वाटतं नारळीकरांनी ही अजून शंभर पानं लिहायला हवी होती. ‘अभयारण्य’ तिच्यामागून घ्या. तिच्याबद्दल सांगत नाही, फक्त वाचताना नावाचा अर्थ अधूनमधून तपासत राहा.

संग्रहांतल्या सगळ्याच कथा वाचायची गरज नाही. काहींत एक कल्पना, एक स्पष्टीकरण आणि खेळ संपला. वीस मिनिटांत कळतं, सोडून द्या. आत्मचरित्रातला केंब्रिजचा भाग मात्र ‘वामन’ वाचून झाल्यावर वाचा. शास्त्रज्ञ आपसात कसे बोलतात, कसे अडून बसतात, हे त्यात बघितलं की कादंबरीतली संभाषणं कोरडी का आहेत ते कळतं. ती तशीच होतात.

‘कृष्णविवर’ सगळ्यात शेवटी. पहिली कथा असूनही शेवटी. अहमदाबादला एका परिषदेत कंटाळवाणं भाषण चालू असताना त्यांनी ती लिहायला घेतली आणि १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली. तोवर नारळीकर हे नाव देशभर माहीत झालेलं होतं. म्हणून आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं, आणि अक्षर ओळखू नये म्हणून मंगलाताईंकडून कथा उतरवून घेतली. परीक्षकांनी जगतापांना पहिला क्रमांक दिला.